ग्रान सासो येथील दुहेरी बीटा क्षयाचा दावा : एक चिकित्सा

प्रस्तावना : अणुकेंद्रातील दोन न्यूट्रॉनांचे एकाच वेळी प्रोटॉनांत रूपांतर होऊन दोन इलेक्ट्रॉन व दोन प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात, या प्रक्रियेस दुहेरी बीटा क्षय असे म्हणतात. मारिया गोपर्ट-मेयर यांनी १९३५ मध्ये ही कल्पना मांडली. प्रतिन्यूट्रिनोंविना असा क्षय घडत असल्यास न्यूट्रिनो हा स्वतःचाच प्रतिकण ठरतो. या क्षयाचा शोध इटलीतील ग्रान सासो राष्ट्रीय प्रयोगशाळेत सुमारे १४०० मीटर खडकाखाली घेतला जात आहे.

दाव्याची चिकित्सा : तेथील हायडेलबर्ग-मॉस्को प्रयोगाच्या आधारे क्लापडोर-क्लाइनग्रोटहाउस व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००१ मध्ये जर्मेनियम-७६ मध्ये प्रतिन्यूट्रिनोविरहित क्षय आढळल्याचे जाहीर केले. आधार होता तो २०३९ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेजवळील एका अल्पशा उंचवट्याचा. २००२ मध्ये अन्य संशोधकांनी त्यावर आक्षेप घेतले. विश्लेषणासाठी ऊर्जेचा किती रुंद पट्टा निवडावा यावर निष्कर्षाचे बळ कितपत अवलंबून आहे, याची चर्चा मूळ लेखात नव्हती. क्षय मुळीच घडत नाही असे गृहीत धरूनही पडताळा घेतलेला नव्हता. २००४ मध्ये अधिक नोंदींच्या आधारे दावा पुन्हा मांडला गेला व अर्धायुष्य १.१९ गुणिले १० चा २५ वा घात इतकी वर्षे सांगितले गेले. तथापि वाद मिटला नाही.

तो मिटवला त्याच प्रयोगशाळेतील गेर्डा प्रयोगाने. समस्थानिक तेच, काही डिटेक्टरही जुन्याच प्रयोगातील. परंतु ते द्रवरूप अरगॉनमध्ये बुडवलेले होते. अपेक्षित ऊर्जेजवळच्या नोंदी विश्लेषणाची पद्धत निश्चित होईपर्यंत झाकून ठेवण्यात आल्या. २०१३ मध्ये अर्धायुष्य २.१ गुणिले १० चा २५ वा घात वर्षांहून अधिक असल्याचे दिसून आले. २०२० च्या अंतिम निष्कर्षात ही मर्यादा १.८ गुणिले १० चा २६ वा घात वर्षांपर्यंत गेली.

समारोप : दावा टिकला नाही, हा येथे मुख्य दोष नव्हे. स्वतःच्या निष्कर्षाविरुद्धची शक्यता स्वतःच तपासली गेली नाही, हा खरा दोष होय. गेर्डाला क्षय आढळला नाही. तरीही निसर्गाविषयीचे आपले ज्ञान त्याने वाढवले. आपल्या महाविद्यालयीन संशोधनात ‘गृहीतक सिद्ध झाले’ हे वाक्य प्रबंधाचा अपरिहार्य शेवट मानण्याची प्रवृत्ती आढळते. मार्गदर्शक व परीक्षक या नात्याने आपण काटेकोरपणे मिळवलेल्या नकारालाही संशोधनाचे फलित मानावयास हवे.