घनता वाढली, फ्रॅक्चर्सही वाढली

खनिजं आणि हाडांवरचा पेपर हातात घेतलात, की आधी बघा: मोजलंय नेमकं काय? रिग्ज आणि सहकाऱ्यांचा १९९० चा फ्लोराइडवरचा पेपर वाचाच. पाळी थांबलेल्या २०२ स्त्रिया, चार वर्षं, सगळ्यांना कॅल्शियम. एका गटाला शिवाय रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड. या गटात कमरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. आणि मणक्यांखेरीज इतर फ्रॅक्चर्स? ७२. फ्लोराइड न घेणाऱ्या गटात २४!

स्ट्रॉन्शियमची गंमत वेगळीच. कॅल्शियमपेक्षा ते क्ष-किरण जास्त अडवतं, म्हणून डेक्सा स्कॅनवर घनता उगाच फुगलेली दिसते.

तरी नुसत्या घनतेवरून ‘हाडं मजबूत’ म्हणणारे लेख येतातच. मला हा सरळ आळस वाटतो. फ्रॅक्चरचे आकडे नसतील, तर निष्कर्षातला ‘मजबूत’ खोडून ‘घन’ लिहा आणि तो पुन्हा वाचा.