काय दाखवायचं नाही, हे डेटाबेसला कोण सांगणार?

ऑस्ट्रेलियातली ॲबोरिजिनल कला आणि तंत्रज्ञान या विषयावर वाचायला घेतलंत की एका साच्याचा प्रस्ताव पुन्हा पुन्हा भेटतो. चित्रांचे उत्तम फोटो काढा, त्यामागची गोष्ट चित्रकाराच्या आवाजात रेकॉर्ड करा, सगळं एका खुल्या संग्रहात ठेवा, प्रत्येक चित्राला ब्लॉकचेनवर प्रमाणपत्र द्या आणि नकली माल ओळखायला मशीन लर्निंग लावा. गोष्टही टिकली, कलाकारही वाचला!

पीएचडीचा विषय शोधणाऱ्याला हे फार आकर्षक वाटतं. सामाजिक उपयोग आहे, नवं तंत्रज्ञान आहे, आकृत्या काढायला वाव आहे. माझा आक्षेप एवढाच की यात जतन आणि संरक्षण ही एकच गोष्ट समजली जाते. प्रत्यक्षात ती दोन वेगळी कामं आहेत आणि इथे ती बऱ्याचदा एकमेकांच्या आड येतात.

आधी हे मान्य करू की प्रश्न खरा आहे

1966 मध्ये ऑस्ट्रेलियाने डॉलर हे चलन आणलं. एक डॉलरच्या नोटेवर डेव्हिड मलांगी या चित्रकाराच्या झाडाच्या सालीवरच्या चित्राचा वापर झाला, पण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. चित्राची प्रतिमा नोटेच्या रचनाकारांपर्यंत पोचली, चित्रकाराचं नाव मात्र वाटेतच गळलं. नंतर त्यांना 1000 डॉलर, एक पदक आणि मासेमारीचं साहित्य देण्यात आलं. मेटाडेटा हरवला की काय होतं, याचं याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही.

आजचं चित्र बघा. ऑस्ट्रेलियाच्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने 2022 च्या अहवालात म्हटलं की 2019-20 मध्ये ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरच्या कलेची आणि कलावस्तूंची विक्री साधारण 25 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची होती. पण या शैलीतल्या स्मरणवस्तूंवर लोकांनी खर्च केलेल्या पैशांपैकी निम्म्याहून जास्त पैसा नकली मालावर गेला. बिरुबी आर्ट या कंपनीने इंडोनेशियात बनवलेली बूमरँग आणि डिजरिडू ॲबोरिजिनल लोकांनी बनवल्यासारखी भासवून विकली. 2019 मध्ये कोर्टाने तिला 23 लाख डॉलर दंड केला. तोपर्यंत कंपनी दिवाळखोरीत निघाली होती.

म्हणजे गरज आहे. मग अडतं कुठे?

हॅश काय सिद्ध करतो?

ब्लॉकचेनचा दावा नीट समजून घेऊ. एखाद्या नोंदीचा हॅश म्हणजे तिचा आकड्या-अक्षरांतला ठसा. नोंदीत एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो. त्यामुळे नोंद नंतर कुणी बदलली का, हे कळतं. पण नोंद पहिल्यांदा भरली तेव्हा ती खरी होती का, हे हॅशला कळत नाही. खोटं प्रमाणपत्र ब्लॉकचेनवर चढवलं, तर ते कायमचं खोटं प्रमाणपत्र होतं, बस.

क्लिफर्ड पॉसम जापाल्जारी हे मध्य ऑस्ट्रेलियातले मोठे चित्रकार. 1999 मध्ये सिडनीत आपल्या नावावर लागलेली काही चित्रं पाहून त्यांनी ती आपली नाहीत असं सांगितलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि 2001 मध्ये एका विक्रेत्याला शिक्षा झाली. त्याची सुरुवात झाली ती चित्रकाराच्या स्वतःच्या सांगण्यातून. त्यामुळे प्रस्ताव वाचताना पहिला प्रश्न विचारा: पहिली नोंद कोण भरतंय? ती समाजाच्या मालकीच्या कला केंद्रात, चित्र रंगवलं जात असतानाच होत असेल, तर साधा डेटाबेसही पुरतो. ती दूरच्या शहरातला विक्रेता भरत असेल, तर ब्लॉकचेनही पुरत नाही.

नोंदी जिथे खरंच पैसा मिळवून देतात, ती जागा वेगळीच आहे. पॉसम यांचं 1977 मधलं 'वारलुगुलाँग' हे चित्र सुरुवातीला 1200 डॉलरला विकलं गेलं होतं. 2007 च्या लिलावात त्याला 24 लाख डॉलर आले. तोवर चित्रकार जाऊन पाच वर्षं झाली होती, आणि पुनर्विक्रीतला वाटा देणारा कायदाही नव्हता. जून 2010 पासून 1000 डॉलर किंवा त्याहून जास्तीच्या पात्र पुनर्विक्रीवर 5 टक्के चित्रकाराला किंवा वारसांना मिळतात. त्यासाठी चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं याचा माग लागतो. हे काम कंटाळवाणं आहे, त्यावर चमकदार पेपर होत नाही, पण घर यावर चालतं.

गोष्ट म्हणजे उघडी फाईल नव्हे

आता जतनाकडे येऊ. 1971 मध्ये पापुन्या या वस्तीत शाळेचे शिक्षक जेफ्री बार्डन यांच्या प्रोत्साहनाने पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीचं चित्र काढलं आणि पुढच्या वर्षी पापुन्या तुला ही चित्रकारांची कंपनी उभी राहिली. सुरुवातीच्या फळ्यांवर काही अशी चिन्हं आली जी फक्त दीक्षा घेतलेल्या पुरुषांनीच पाहायची असतात. इतर ॲबोरिजिनल लोकांनी हरकत घेतली. मग चित्रकारांनी ती चिन्हं गाळली, काही ठिकाणी ठिपक्यांनी झाकली. आज ज्या ठिपक्यांना आपण 'शैली' म्हणतो, ते वाढण्याचं हे एक कारण मानलं जातं.

हे वाचल्यावर 'खुला संग्रह' हा शब्द पुन्हा वाचा. पडदा म्हणून वापरलेल्या गोष्टीचं आपण हाय रिझोल्यूशन स्कॅनिंग करणार? आर्न्हम लँडमधल्या योल्ङू लोकांत तर एकाच चित्राचे 'बाहेरचे' आणि 'आतले' अर्थ असतात. बाहेरचा कुणालाही सांगता येतो, आतला पात्रता मिळवल्यावर. 'संपूर्ण गोष्ट रेकॉर्ड केली' असं जो पेपर म्हणतो, त्याने बहुधा बाहेरचा अर्थ रेकॉर्ड केला आहे. ते ठीकच आहे. आतला केला असेल, तर मात्र काळजीचं कारण आहे.

'मालक' हा कॉलम

डेटाबेसमध्ये मालकाच्या कॉलमात आपण एक नाव टाकतो. वार्लपिरी लोकांत एका जुकुर्पाला, म्हणजे पूर्वजांच्या सृष्टिकथेला, दोन बाजूंची माणसं लागतात: वडिलांकडून हक्क आलेले किर्डा आणि आईकडून नातं असलेले, सगळं रीतीप्रमाणे होतंय का हे पाहणारे कुर्डुंगुर्लु. यात एका नावाचा कॉलम कसा बसवणार?

कायद्यालाही हे जड गेलं आहे. जॉन बुलुन बुलुन यांच्या चित्राची नक्कल कापडावर छापली गेली. त्या खटल्यात 1998 मध्ये फेडरल कोर्टाने म्हटलं की कॉपीराइट चित्रकाराचा, कुळाचा नाही. पण चित्रकारावर कुळाप्रति विश्वस्तासारखं कर्तव्य आहे. शिवाय कॉपीराइट विशिष्ट चित्राला मिळतो, शैलीला नाही. एआय 'ॲबोरिजिनल शैलीत' ठिपके काढून देतं, तेव्हा नेमकं कुठलं चित्र चोरलं हे दाखवणं कठीण. अशा वेळी तुमचा खुला संग्रह म्हणजे उद्याच्या मॉडेलसाठी आयता ट्रेनिंग डेटा!

उलट टोकाकडून सुरू झालेली कामं

याच क्षेत्रात दोन कामं मला खरी भक्कम वाटतात. आरा इरितित्जा हा अनंगू लोकांचा संग्रह 1994 मध्ये सुरू झाला. मिशनरी आणि इतर बाहेरच्यांकडे पडून असलेले फोटो, ध्वनिमुद्रणं त्यांनी परत मिळवली. माणूस वारला की दुखवट्याच्या काळात त्याचे फोटो झाकण्याची सोय या प्रणालीतच आहे. दुसरं मुकुर्तु. टेनंट क्रीकच्या वारुमुंगू लोकांबरोबर किम क्रिस्टन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून ते उभं राहिलं. वारुमुंगू भाषेत मुकुर्तु म्हणजे मौल्यवान वस्तू जपून ठेवायची पिशवी. कुठली वस्तू कुणी पाहायची, हे घराणं, स्त्री-पुरुष, प्रदेशाशी नातं यावरून ठरतं आणि ते ठरवतो समाज. प्रोग्रामर फक्त तशी जागा करून देतो.

यांनाही मर्यादा आहेत. एकाने स्क्रीनचा फोटो काढला की सगळे नियम संपले. सर्व्हर सांभाळायला पैसा लागतो, सॉफ्टवेअर जुनं होतं, आणि बऱ्याच प्रकल्पांचा निधी तीन-चार वर्षांत आटतो. शिवाय नियम बदलणारी वडीलधारी माणसं आणि पासवर्ड सांभाळणारी तरुण मुलं एकत्र बसली नाहीत, तर प्रणाली नुसती कपाटासारखी पडून राहते. पण हे दोष सुधारता येण्यासारखे आहेत. आधी सगळं उघडं करून मागून कुलूप लावायचं, हा दोष सुधारता येत नाही.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी

अशा विषयावर काम करायचं असेल तर चार प्रश्नांची उत्तरं आधी कागदावर लिहा. पहिली नोंद कोण भरणार? 'नाही' म्हणायचा अधिकार कुणाला, आणि तो नंतरही वापरता येईल का? नोंद पुसायची असेल तर पुसता येते का? (ब्लॉकचेनवाल्यांनी इथे जरा थांबावं.) आणि निधी संपल्यावर डेटा कुणाच्या हातात राहणार? 2019 मध्ये मांडलेली 'केअर' तत्त्वं साधारण हेच विचारतात: सामूहिक लाभ, नियंत्रणाचा अधिकार, जबाबदारी आणि नीती. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये त्यांचा उल्लेख करून पुढे जाणारे पेपर बरेच सापडतील. ही तत्त्वं तुमच्या टेबलांच्या रचनेत, परवानग्यांच्या कोडमध्ये दिसली पाहिजेत. परीक्षकाने विचारलं की तुमच्या प्रणालीत काय दिसत नाही आणि का, तर त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार हवं.