जुन्या केसांची साक्ष

वणीच्या एका शाळेत पुरातत्त्वावर बोलत होतो. नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, आमच्या वावरात खोदले तर जुन्या माणसांचे केस निघतील का?" एका केसावरून माणसाचा सारा इतिहास कळतो, असे त्याने कुठेसे वाचले होते. असे लेखन खोटे नसते, पण अर्धेच असते, अशी आमची तक्रार आहे.

खरे तेवढे आधी सांगू. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. बाहेर आलेल्या भागातील केराटिनमध्ये शरीर पुढे बदल करत नाही. म्हणून केसाचे टोक जुने, मूळ ताजे. अर्जेंटिनातील युयायाको शिखरावर १९९९ साली सापडलेल्या, सुमारे ५०० वर्षांपूर्वीच्या इंका मुलीच्या केसांत तिच्या अखेरच्या वर्षातील आहाराचा बदल दिसला : मका आणि मांस वाढले होते.

मका ओळखला कसा? मका, ज्वारी, बाजरी, ऊस यांची प्रकाशसंश्लेषणाची रीत गहू-तांदळाहून निराळी. त्यांच्यात कार्बन-१३ किंचित अधिक असतो आणि तो खाणाऱ्याच्या केसात उतरतो. लेख बहुधा इथेच थांबतात. पण मका की ज्वारी, हे काही कार्बन सांगत नाही. ते उत्खननातल्या दाण्यांवरून ठरवावे लागते. शिवाय कडब्यावर पोसलेल्या म्हशीचे दूध पिणारा, भात खात असला तरी, थोडा ज्वारीवालाच दिसणार!

दुसरी गाळलेली बाब जागेची. केस टिकतात ते फार कोरड्या किंवा गोठलेल्या ठिकाणी. आपल्या काळ्या मातीत पावसाळाभर ओल. बुरशी आणि जिवाणू केस शिल्लक ठेवत नाहीत. पुणे जिल्ह्यातील इनामगावला घरांच्या जमिनीखाली पुरलेल्या मडक्यांत मुलांची हाडे मिळाली. आपला आधार हाडांचाच.

हिमालयातील रूपकुंडला थंडीमुळे केसही टिकले. तरी डेक्कन कॉलेजचा सहभाग असलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने आहार तपासला तो हाडांवरून. ३८ सांगाड्यांच्या डीएनएची आणि कालमापनाची जोड मिळाली, तेव्हा सारे एकाच गारपिटीत मेले ही लोकप्रिय कथा मोडली. काही सांगाडे इ.स. ८०० च्या आसपासचे, काही १८०० च्या!

त्या मुलाला आम्ही सांगितले : केस नाही निघणार. चुलीच्या राखेत जळून कोळसा झालेला धान्याचा दाणा मात्र निघू शकेल; तो फेकू नकोस.