मिलानच्या भोजनगृहाची दुसरी भिंत

घर बेळगावचे असो वा बडोद्याचे, आपल्या समाजात जेवणाच्या खोलीत लिओनार्दो दा विंचीच्या 'शेवटचे भोजन' या चित्राची एखादी प्रतिकृती आढळणे नवलाचे नाही. मूळ चित्र इटलीतील मिलान नगरीत, सान्ता मारिया देल्ले ग्रात्सिए या चर्चला लागून असलेल्या डोमिनिकन मठाच्या भोजनगृहात आहे. ते पाहण्याचा योग आम्हांस आला. त्या भेटीत जे खटकले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

तिकीट आगाऊ काढावे लागते. प्रवाशांच्या लहान तुकड्या करून, एकामागून एक उघडणाऱ्या काचेच्या दारांतून त्यांना आत सोडतात आणि १५ मिनिटे होताच बाहेर काढतात. या नियमाला आमचा आक्षेप नाही. लिओनार्दोने सुमारे १४९५ ते १४९८ या काळात हे काम केले ते ओल्या गिलाव्यावर नव्हे, कोरड्या भिंतीवर. ओला गिलावा चित्रकाराला घाई करावयास लावतो. याला तर रेंगाळावयाचे होते, बदलावयाचे होते. परिणामी त्याच्या हयातीतच रंगाचे पापुद्रे सुटू लागले. १६५२ मध्ये मठवासीयांनी दार मोठे करण्यासाठी भिंत फोडली, तीत ख्रिस्ताचे पाय गेले. (योहानाच्या ज्या अध्यायात प्रभू शिष्यांचे पाय धुतो, त्याच अध्यायातील प्रसंग येथे रंगविला आहे, ही गोष्ट त्या दार फोडणाऱ्यांच्या ध्यानी आली नसावी.) ऑगस्ट १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात भोजनगृहाचे छप्पर कोसळले, वाळूच्या पोत्यांनी झाकलेली ही भिंत मात्र तगली. १९७८ ते १९९९ पर्यंत चाललेल्या जीर्णोद्धारात नंतरच्या हातांनी चढविलेले रंग उतरविण्यात आले. आज जे दिसते ते थोडे आहे. आणि जे थोडे आहे ते जपावयास हवे.

पण त्या थोडक्यातही चित्रकाराची दृष्टी विलक्षण आहे. फ्लॉरेन्समधील आधीच्या चित्रकारांनी, उदाहरणार्थ गिर्लान्दायोने १४८० मध्ये, यहूदाला मेजाच्या अलीकडे एकटा बसविला होता. पाहणाऱ्याला अपराधी लगेच ओळखू यावा. लिओनार्दोने त्याला इतरांच्या रांगेत, पेत्र आणि योहान यांच्या लगत आणून बसविले. कुणाच्याही डोक्यामागे तेजोवलय नाही. 'तुम्हांपैकी एक जण' या शब्दांनी बारा जण हादरले आहेत, आणि त्या क्षणी अपराधी कोण हे चेहऱ्यावरून सांगणे सोपे नाही. चित्रातील छताच्या नि भिंतींच्या रेषा ख्रिस्ताच्या कानशिलाशी येऊन मिळतात. तेथे भिंतीत खिळ्याची खूणही सापडली आहे. दोरी ताणण्यासाठी तो खिळा ठोकलेला होता.

आता आमचा खरा मुद्दा. हे भोजनगृह एका भिंतीचे नाही. समोरच्या भिंतीवर जोव्हान्नी दोनातो मोन्तोर्फानो या चित्रकाराने १४९५ मध्ये ख्रिस्ताच्या क्रूसमरणाचा भव्य फ्रेस्को रंगविला आहे. चोर, घोडेस्वार, विलाप करणाऱ्या स्त्रिया, मागे यरुशलेम नगरी. कला म्हणून तो मध्यम आहे, हे आम्ही नाकारीत नाही. गर्दी फार आहे, चेहरे ठरीव आहेत. तथापि मठवासी जेवावयास बसत ते या दोन भिंतींच्या मध्ये: एकीकडे मेज, दुसरीकडे क्रूस. 'हे माझे शरीर आहे' या वचनाचा अर्थ दुसऱ्या भिंतीवाचून पुरा होत नाही. ही जाण त्या खोलीच्या रचनेतच आहे.

आमच्या तुकडीतील बहुतेकांनी त्या भिंतीकडे पाठ केली ती अखेरपर्यंत. दोष त्यांचा म्हणावा तर मार्गदर्शकाने तिचे नाव एका वाक्यात उरकले होते. मिलानच्या महामंदिरातही असेच. १३८६ मध्ये आरंभिलेल्या त्या वास्तूच्या छतावर चढण्यासाठी रांग लागते; मात्र तिच्याखाली ज्या अष्टकोनी बाप्तिस्मागृहाचे अवशेष आहेत, जेथे ३८७ मध्ये आंब्रोझने ऑगस्टिनला बाप्तिस्मा दिला, तेथे आम्ही बराच वेळ एकटेच उभे होतो. दिखाऊ ते आधी पाहावे, हा प्रवाशाचा धर्मच आहे. परंतु आम्ही धर्मगुरूही घरोघरी भोजनाच्या चित्राला आशीर्वाद देताना समोरच्या भिंतीवर काय आहे हे कितीदा विचारतो? आम्ही स्वतः तरी विचारलेले आठवत नाही.

मोन्तोर्फानोच्या चित्रात खाली दोन्ही कोपऱ्यांत आश्रयदाता ड्यूक लुदोविको स्फोर्झा आणि त्याची पत्नी बेआत्रिचे यांची मुलांसह गुडघे टेकलेली चित्रे मागाहून घालण्यात आली; ती लिओनार्दोच्या हातची मानतात. कोरड्या गिलाव्यावर असल्याने ती जवळजवळ पुसून गेली आहेत. आम्ही त्या करड्या आकृतींत ड्यूकचा चेहरा शोधीत होतो, तोच दार उघडले आणि पुढच्या तुकडीसाठी आम्हांस बाहेर पडावे लागले.