'प्रतिरूप' की 'प्रतिमा'?

'उत्पत्ति'च्या पहिल्या अध्यायातील (१:२६-२७) 'त्सेलेम' या हिब्रू संज्ञेसाठी प्रचलित मराठी बायबलने 'प्रतिरूप' हा शब्द योजला आहे. तो प्रासादिक असला, तरी मूळ संज्ञेतील ताण त्यात विरून जातो. 'त्सेलेम' म्हणजे घडविलेली मूर्तीही. 'गणना' ३३:५२ मध्ये हाच शब्द नष्ट करावयाच्या ओतीव मूर्तींसाठी येतो. प्राचीन इजिप्त व मेसोपोटेमियात देवाची प्रतिमा म्हणून गौरविला जाई तो प्रामुख्याने राजा. 'तुतनखामुन' या नावाचा अर्थच 'आमुनची जिवंत प्रतिमा' असा आहे. 'उत्पत्ति'चा कर्ता हा राजमान स्त्री-पुरुष अशा अखिल मानवजातीस बहाल करतो.

थॉमस अक्वायनसने हे साम्य मुख्यतः बुद्धीत पाहिले. हा निकष ताणला, तर बुद्धी क्षीण झालेल्या माणसाचे काय? 'उत्पत्ति' ९:६ मध्ये मनुष्यवधाच्या निषेधाला हीच संज्ञा आधार देते, आणि तेथे बुद्धीची अट नाही. म्हणूनच 'प्रतिमा' हा पर्याय अधिक समर्पक वाटतो. मूर्ती निषिद्ध मानणाऱ्या या संहितेत ईश्वराने स्वतः घडविलेली मूर्ती माणूसच आहे. त्याची विटंबना हेच खरे मूर्तिभंजन होय.