नाममुद्रा, वस्ती आणि स्टुडिओ

आमच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील शिकलेली दलित पोरे आता गिटार आणि ड्रमवर भीमगीते गाऊ लागली आहेत. अल्बम काढण्याची भाषा करू लागली आहेत. जुन्या कार्यकर्त्यांना हे पाश्चात्त्यांचे अनुकरण वाटते, तर तरुणांना वाद्य बदलले की गाणे आपोआप विद्रोही होते असे वाटते. दोन्ही प्रतिक्रिया वरवरच्या आहेत. गाणे कोण रचतो, ते कोणापुढे तपासले जाते आणि मुद्रित झाल्यावर कोणाच्या मालकीचे होते, हा खरा प्रश्न आहे.

अनुकरणाचा आक्षेप प्रथम घेऊ. रॉकचे मूळ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूजमध्ये आहे; गुलामांच्या नातवंडांचे ते गाणे. ज्या चळवळीने १९७२ साली दलित पँथर हे नाव घेतले, तिने या संगीताला परके म्हणू नये. मात्र या संगीताचा इतिहास लुटीचाही आहे. लेड झेपेलिन या इंग्रज बँडच्या १९६९ च्या गाजलेल्या गाण्यात आपले शब्द आहेत, म्हणून कृष्णवर्णीय गीतकार विली डिक्सन यांना १९८५ साली कोर्टात जावे लागले. १९८७ साली तडजोड झाली आणि नंतर त्यांचे नाव गाण्याला लागले. गाणे जगभर गाजत होते, रचणारा मात्र बेदखल होता!

आपल्याकडे या बेदखलीवर एक जुना उपाय होता, तो म्हणजे नाममुद्रा. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गाण्याच्या शेवटी ‘वामन’ हे नाव गुंफतात, ती केवळ संतांची वा शाहिरांची रीत नव्हे. ज्याच्या नावावर जमिनीचा तुकडा नाही, त्याने गाण्याच्या सातबाऱ्यावर केलेली ती नोंद आहे. आमच्या नगरचे दादू साळवे वामनदादांची गाणी गातात, तेव्हा गाणाऱ्याचा गळा दुसरा असला तरी मालक कोण हे श्रोत्याला कळते. ध्वनिमुद्रणाने ही व्यवस्था अडचणीत आणली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. कडवी कापायची म्हटली की कात्री शेवटच्या कडव्याकडे वळते आणि नाव नेमके तेथेच असते.

दुसरा मुद्दा तपासणीचा. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा गावोगाव फिरला. जलशातले गाणे कागदावर पुरे होत नाही. समोरची वस्ती कुठे हसते, कुठे गप्प होते, कोणते पालुपद उचलून धरते, यावर ते घडते. बीटल्सचा दाखलाही हेच सांगतो. पहिल्या लाँगप्ले तबकडीतील १४ पैकी १० गाणी त्यांनी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवसात मुद्रित केली, कारण लिव्हरपूल आणि हॅम्बुर्गच्या क्लबांत श्रोत्यांपुढे रात्रीमागून रात्री गाऊन त्यांचा गळा आणि हात तयार झालेले होते. ऑगस्ट १९६६ नंतर त्यांनी जाहीर दौरे बंद केले आणि ‘सार्जंट पेपर’साठी नोव्हेंबर १९६६ ते एप्रिल १९६७ स्टुडिओत काढले, आवाजावर आवाज चढवत गाणी तेथेच रचली. ती तबकडी थोर आहे, यात वाद नाही. पण स्टुडिओ कंपनीचा होता. आमच्या पोरांना ही दुसरी रीत भुरळ घालते आणि स्टुडिओ मात्र तासाच्या भाड्याने घ्यावा लागतो. भाड्याच्या तासात प्रयोग होत नाहीत, घाई होते. मग ‘जयभीम’चा घोष, वेगवान ताल, चार ठरीव विशेषणे एवढ्यावर गाणे उरकले जाते. हा विद्रोह नव्हे, विद्रोहाचा साचा आहे.

याच जिल्ह्यात अकोले तालुक्यातील धामणगावी जन्मलेल्या दया पवारांचे धरण बांधणाऱ्या बाईचे गाणे पहा. त्यात घोषणा नाही. राबणाऱ्या बाईचे हात आहेत आणि तिच्या वाट्याला न येणारे पाणी आहे. म्हणून ते सभांमधून तोंडोतोंडी गेले. आशय असा नेमका असेल तर गिटार त्याला मारणार नाही; आशय नसेल तर ढोलकीही तारणार नाही.

चेन्नईत २०१७ साली चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार टेन्मा यांनी उभारलेल्या ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ने वाट दाखवली आहे. वस्तीत मयताच्या वेळी गायिला जाणारा ‘गाना’ हा प्रकार आणि तो गाणारी माणसे त्यांनी बँडच्या मध्यभागी ठेवली. वस्तीचे गाणे उचलून गायक मागे सोडले नाहीत.

तेव्हा आपल्या तरुणांनी स्टुडिओत जरूर जावे, पण वस्तीत गाऊन मग जावे. जे पालुपद वस्ती उचलत नाही, त्यावर पैसा घालू नये. दुसऱ्याचे गाणे घेतले तर नाममुद्रेचे कडवे कापू नये. आणि करारावर सही करण्यापूर्वी तो वाचावा. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनुसार गीतकार व संगीतकाराला रॉयल्टीतील आपला समान वाटा कंपनीला लिहून देता येत नाही; दिला तरी तो करार त्यापुरता निरर्थक ठरतो. आमच्या आधीच्या पिढ्यांनी अंगठे उठवून जमिनी घालवल्या. पदवी घेतलेल्या पिढीने सही करून गाणी घालवू नयेत.