फ्रोडोचा ‘विकास’

फॅन्टसी वाचणाऱ्या माझ्या मित्रमंडळींत दोन तट आहेत. एका तटाला टोल्किनची पात्रं सपाट वाटतात. चांगली ती शेवटपर्यंत चांगली, वाईट ती वाईट. दुसऱ्याला रॉबिन हॉबचा फिट्झ सहन होत नाही; माणसाने कुढायचं तरी किती! भांडण रंगलं की दोन्हीकडून एकच हत्यार निघतं: ‘कॅरेक्टर डेव्हलपमेंट’. मला शंका आहे ती या हत्याराबद्दलच.

मराठीत आपण त्याला ‘पात्रांचा विकास’ म्हणतो आणि विकास म्हटला की सुधारणा आलीच. भित्रा धीट व्हायला हवा, स्वार्थी उदार व्हायला हवा. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे पुढची आवृत्ती आधीपेक्षा बरी असावी ही अपेक्षा रास्त आहे. माणसांकडून मात्र ती का ठेवायची?

ही अपेक्षा किती मुरली आहे ते पीटर जॅक्सनच्या सिनेमांत (२००१ ते २००३) दिसतं. तिथला अ‍ॅरागॉर्न राजेपणापासून पळतो आणि पूर्वजांची तलवार तिसऱ्या भागात एकदाची हाती घेतो. पुस्तकात (१९५४-५५) तो ती मोडकी तलवार सुरुवातीपासून जवळ बाळगतो, आपण वारस आहोत हे सभेत उघड सांगतो आणि तलवार नव्याने घडवूनच रिव्हेंडेलमधून निघतो. तो बदलेल का, हा तिथे प्रश्नच नाही. लोक त्याला कशावरून ओळखतील, हा आहे. ते ओळखतात ते तलवारीवरून नव्हे, तर जखमी माणसं त्याच्या हातून बरी होतात त्यावरून.

आणि टोल्किनकडे बदलच नाही म्हणावं, तर फ्रोडोचं काय करायचं? एवढी पायपीट करून तो ज्वालामुखीच्या कडेला पोचतो आणि अंगठी टाकायचं नाकारतो. ती नष्ट होते ती गॉलम त्याचं बोट चावून तोडतो आणि तोल जाऊन आत पडतो म्हणून. घरी परतल्यावर सॅम लग्न करतो, बाप होतो. फ्रोडो मात्र जखमेची तारीख आली की आजारी पडतो आणि शेवटी जहाजात बसून कायमचा निघून जातो. याला विकास म्हणवत नाही. ही झीज आहे. १९१६मध्ये सोमच्या लढाईत असलेल्या आणि जवळचे मित्र युद्धात गमावलेल्या लेखकाने ती लिहावी, यात नवल नाही.

आता दुसरा तट. फिट्झची कहाणी १९९५ ते २०१७ या काळात नऊ पुस्तकांत, बहुतांशी त्याच्याच तोंडून येते. पण त्याचा तरी विकास कुठे होतो? तरुणपणी तो माणसांपासून गोष्टी लपवतो, उतारवयातही लपवतो. बायको गरोदर असल्याचं सांगते, तेव्हा तिला भ्रम झालाय असं तो धरून चालतो. वाढते ती आपली त्याच्याशी असलेली ओळख. हॉबचे वाचक त्याच्यावर जीव लावतात ते याच ओळखीपोटी; प्रगतिपुस्तक पाहून नव्हे.

उलट, विकासाच्या मापाने टोल्किनला पैकीच्या पैकी गुण मिळतील ते एओविनच्या बाबतीत. मरण शोधत रणात उतरलेली ही बाई थोड्याच दिवसांत शस्त्र सोडून रोग्यांची शुश्रूषा आणि संसार पसंत करते. केवढा बदल! पण तो इतक्या थोड्या पानांत उरकला आहे की मला तरी पटत नाही. मापात पुरेपूर बसणारी जागाच कच्ची निघते.

म्हणून मी विचारतो तो प्रश्न वेगळा आहे: जे घडलं, त्याची खूण या माणसावर राहिली का? अनेक मालिकांत नायक दर खंडात नवी विद्या शिकतो, जिवलग गमावतो आणि पुढच्या खंडात ताजातवाना उभा राहतो. तो ‘विकसित’ असतो, पण त्याच्यावर ओरखडासुद्धा नसतो.

पुस्तकाबाहेरही आपण हेच करतो. कुणी मोठ्या दुखण्यातून उठला की ‘त्यातून काय शिकलास?’ असं विचारतो. तो आधीपेक्षा कणखर होऊनच परतला पाहिजे, असा आपला आग्रह असतो. फ्रोडो काही शिकून परतत नाही, तरी कादंबरी त्याला नापास करत नाही. सॅम त्याला बंदरापर्यंत सोडायला जातो.